व्हीआर हेडसेटचा डिस्प्ले आणि लेन्स पारखताना या चुका टाळा

डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य दाखवणारा कुठलाही व्हीआर हेडसेट हाती आला की मी आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असलेलं काहीतरी उघडतो. गेम सुरू होण्याआधीची नावांची पाटीसुद्धा चालते. अक्षरांच्या कडा धारदार आहेत का, त्यांच्यापासून प्रकाशाचे फराटे निघतात का, मान न हलवता नुसती नजर कडेला नेली तर अक्षरं विरघळतात का, काळा रंग काळाच आहे की राखाडी, हे सगळं दोन मिनिटांत कळतं. यातलं जवळजवळ काहीच खोक्यावर छापलेलं नसतं. तरी दोन हेडसेटची तुलना निघाली की पहिला प्रश्न येतो तो रिझोल्यूशनचाच, म्हणजे पडद्यावर चित्राचे बारीक ठिपके (पिक्सेल) किती, याचा.

नुसते पिक्सेल मोजणं

पिक्सेल किती आहेत यापेक्षा ते किती जागेत पसरलेत हे बघायला हवं. चित्र डोळ्यांसमोर शंभरेक अंशांत पसरलेलं असतं, म्हणून खरा हिशेब एका अंशात किती पिक्सेल येतात याचा. निरोगी डोळ्याला एका अंशात साधारण ६० पिक्सेलइतका बारकावा टिपता येतो. मेटा क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल आहेत आणि कंपनी एका अंशाला २५ पिक्सेल सांगते. म्हणजे डोळ्याच्या क्षमतेच्या निम्मेही नाहीत. फोनच्या पडद्याशी तुलना करून निराश होणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिवाय सगळे पिक्सेल सारखे नसतात. २०१६ च्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्हमध्ये प्रत्येक डोळ्याला १०८० × १२०० चा ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा) पडदा होता, पण पेनटाइल पद्धतीचा, म्हणजे एका पिक्सेलला तीनऐवजी दोनच उपपिक्सेल (रंगाचे ठिपके). त्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन व्हीआरमध्ये ९६० × १०८० च पिक्सेल होते, पण प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही. गुणाकार करून बघा: पहिल्या दोघांत सुमारे २६ लाख उपपिक्सेल, तिसऱ्यात सुमारे ३१ लाख. कागदावर मागे असलेल्या हेडसेटमध्ये पिक्सेलमधली जाळी कमी का जाणवायची, त्याचं एक मोठं कारण हे.

पडद्याचा आकडा एकच, पण लेन्स वेगळी

एचपी रिव्हर्ब जी२ (२०२०) आणि पिको ४ (२०२२) या दोघांतही प्रत्येक डोळ्याला २१६० × २१६० पिक्सेल. आकड्यांवर जाणारा माणूस दोन्ही सारखेच म्हणेल. पण रिव्हर्बमध्ये फ्रेनेल लेन्स आहे. मधोमध चित्र सुरेख, मात्र नजर जरा बाजूला गेली की पुसट, त्यामुळे ओळ वाचताना डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागते. पिकोत पॅनकेक लेन्स आहे, तिथे नजर बरीच मोकळी फिरते. जेवढ्या भागात चित्र स्पष्ट दिसतं त्याला स्वीट स्पॉट म्हणतात, आणि माझ्या मते रोजच्या वापरात पाच-दहा टक्के जास्त पिक्सेलांपेक्षा मोठा स्वीट स्पॉट कितीतरी जास्त सुख देतो.

फ्रेनेल लेन्स मुळात दीपगृहासाठी घडली. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआन दीपगृहात ती पहिल्यांदा बसवली गेली. जाड भिंगाऐवजी गोल गोल खाचा, म्हणून वजन कमी. पण दीपगृहाच्या भिंगाला कुणी डोळा लावून बसत नाही, हेडसेटमध्ये आपण तेच करतो. खाचांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि पांढऱ्या अक्षरांपासून फराटे निघतात. गॉड रेज म्हणतात ते हेच.

पॅनकेक लेन्समध्ये खाचा नाहीत, म्हणून फराटेही जवळपास नाहीत, पण तिची किंमत उजेडात मोजावी लागते. प्रकाश आत मागे-पुढे परावर्तित होतो आणि वाटेत अर्ध्या आरशाशी त्याची दोनदा गाठ पडते. दर वेळी निम्मा वाया जातो, म्हणजे फार तर पाव हिस्सा डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून पॅनकेक लेन्समागे भरपूर उजेड देणारा पडदा लागतो. २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये ओएलईडी पडदा फ्रेनेल लेन्समागे आहे, ते जुनाट म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्या जोडीने उजेड आणि खरा काळा रंग दोन्ही साधतं.

पडदे पारखायचे तर अंधारं दृश्य आणि उजळ दृश्य, दोन्ही बघा. एलसीडी पडद्याला मागून दिवा असतो, म्हणून त्याचा काळा अंधारात राखाडी दिसतो. ओएलईडीचा काळा गडद असतो, पण धूसर करड्या रंगात पडद्यावर बारीक धूळ बसल्यासारखा असमानपणा दिसू शकतो, त्याला म्युरा म्हणतात. भर उन्हाचं दृश्य बघून निकाल दिला तर यातलं एकही लक्षात येणार नाही.

नीट न बसवलेल्या हेडसेटवर निकाल देणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. दोन हेडसेट एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून बघितले. त्यातल्या एकात सगळंच मऊ, डोळ्यांवर ताण, अर्ध्या तासात कपाळ दुखलं. वहीत लिहिलं, ‘लेन्स वाईट’. दहा दिवसांनी कळलं की डोक्यावर चढवताना लेन्समधलं अंतर सरकून ६८ मिलिमीटरवर गेलं होतं. माझ्या बाहुल्यांमधलं अंतर ६१. म्हणजे दोन्ही डोळे आपापल्या लेन्सच्या केंद्रापासून साडेतीन मिलिमीटर आत. अंतर जुळवल्यावर तेच चित्र स्वच्छ झालं. तोवर दोन मित्रांना मी तो हेडसेट घेऊ नका असं सांगून मोकळा झालो होतो.

बाहुल्यांमधलं हे अंतर, म्हणजे आयपीडी, एकदा मोजून ठेवा. आरशापासून वीतभर अंतरावर उभं राहा, मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचं शून्य डाव्या बाहुलीच्या मधोमध आणा. पट्टी आणि डोकं न हलवता डावा डोळा मिटा, उजवा उघडा, उजव्या बाहुलीसमोरचा आकडा वाचा. तीन-चारदा करा, सरासरी घ्या. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण ६३ च्या आसपास असतं, पण आपलं तेवढंच असेल असं धरून चालू नका. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस मध्ये तीनच खुंट्या आहेत, क्वेस्ट २ च्या ५८, ६३ आणि ६८. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ५८ ते ७१ पर्यंत कुठेही थांबता येतं. ज्याचं अंतर ६५-६६ आहे, त्याला हा फरक रिझोल्यूशनपेक्षा जास्त जाणवेल.

मग वर-खाली. बहुतेक जण आधी पट्टा आवळतात आणि नंतर चित्र शोधतात. उलट करा. पट्टा सैल ठेवून हेडसेट दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरा, तीच पांढरी अक्षरं समोर ठेवा आणि दोन-तीन मिलिमीटर वर, मग खाली सरकवा. एका जागी अक्षरं चटकन ठसठशीत होतात. तिथे धरून ठेवा आणि मग पट्टा आवळा. मागचा भाग कवटीच्या उंचवट्याखाली बसला पाहिजे, नाहीतर पाच मिनिटांत हेडसेट घसरून नाकावर येतो आणि अक्षरं पुन्हा पुसट होतात.

पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर आहे म्हणून लांबचा चष्मा काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. लेन्समुळे ते चित्र डोळ्याला एक-दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. त्या अंतरावर चष्मा लागत असेल तर इथेही लागतो. काच लेन्सला घासणार नाही एवढं अंतर ठेवा, किंवा नंबरच्या जोडलेन्स बसवा. आणि थंड हेडसेट चढवल्या चढवल्या लेन्सवर वाफ धरते, ती फराट्यांसारखीच दिसते. दहा मिनिटं थांबून मग मत बनवा.

दोष चित्राचा, बोल पडद्याला

३६० अंशांचा ४के व्हिडिओ हेडसेटमध्ये धूसर दिसतो आणि लोक पडद्याला नावं ठेवतात. ४के म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल, त्यांना ३६० ने भागा: एका अंशाला जेमतेम पावणेअकरा पिक्सेल. २५ दाखवू शकणारा पडदा तिथे करणार काय? गेमचंही तसंच. क्वेस्ट ३ वर गेम मुळात १६८० × १७६० वर रेखाटले जातात. काही गेम वाढवतात, काही नाही. कॉम्प्युटरवरून वायफायने चित्र येत असेल तर कॉम्प्रेशनचे (चित्र दाबून पाठवताना उमटणारे) चौकोनही लेन्सच्या नावावर खपतात. तेच दृश्य केबल लावून बघा, फरक पडला तर लेन्स निर्दोष.

स्टीमव्हीआर (कॉम्प्युटरवरचे व्हीआर गेम हेडसेटमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांची आणखी एक चूक: रेखाटनाचं रिझोल्यूशन पडद्याच्या आकड्याइतकं खाली आणणं. लेन्सचा वक्रपणा भरून काढताना चित्राचा मधला भाग ताणला जातो, म्हणून पडद्यापेक्षा मोठं चित्र लागतं. व्हाइव्हचा पडदा १०८० × १२०० चा, पण शिफारस १५१२ × १६८० ची होती. तुलना करताना दोन्हीकडे हे रिझोल्यूशन शिफारशीच्या शंभर टक्केच ठेवा.

लेन्सला फोन लावून काढलेले फोटो पुरावा म्हणून नाचवू नयेत. कॅमेरा उजेड स्वतःच्या मर्जीने वाढवतो आणि डोळ्यासारखा फिरत नाही.

डाग बघून घाई करणं

चित्रात डाग दिसला की आधी त्याची कड बघा. लेन्सवरची धूळ किंवा बोटाचा ठसा डोळ्याच्या इतका जवळ असतो की तो धुरकट पट्ट्यासारखाच दिसतो. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधून बाहेर गोल पुसा. अल्कोहोल किंवा काचेचा फवारा नको, प्लास्टिकच्या लेन्सवरचा थर जातो. कड धारदार असेल तर दोष पडद्यावर आहे, पुसून जाणार नाही. आणि पिवळसर किंवा काळपट ठिपका एके जागी कायम असेल, तर हेडसेट कधीतरी खिडकीशी लेन्स वर करून ठेवला होता का, ते आठवा. भिंगातून ऊन पडद्यावर एकवटतं आणि थोड्याच वेळात तो जळतो. जुना हेडसेट विकत घेताना पडदा पूर्ण पांढरा करून हा ठिपका शोधा, एकेक डोळा मिटून.