ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी गावात घ्यायची बैठक

ही बैठक दसऱ्याच्या आत घ्या. दसरा सरला की मुकादमाचे, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचे, फोन सुरू होतात आणि बघता बघता अर्धं गाव रिकामं होतं. मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं पुढचे पाच-सहा महिने आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायला जातात. तिन्हीकडे त्यांच्यावरची नजर कमी होते आणि लैंगिक अत्याचाराचा धोका वाढतो. मुलांना सावध करायचंच, पण त्याआधी मोठ्यांना तयार करायचं, असं माझं ठाम मत आहे. सात वर्षांच्या पोरीने मोठ्या माणसाला अडवावं, ही अपेक्षाच चूक आहे.

निरोप देताना ‘लैंगिक अत्याचार जनजागृती’ म्हणू नका, माणसं येत नाहीत. ‘तुम्ही गेल्यावर लेकरांकडे कोण बघणार ते ठरवायचंय’ असं सांगा. ते खरंही आहे. बायकांची बैठक दुपारी अंगणवाडीत घ्या, पुरुषांची रात्री जेवणं उरकल्यावर समाजमंदिरात. सगळे एकत्र बसले की सुना तोंड उघडत नाहीत. आज्ज्यांना घरी जाऊन घेऊन या. हंगामभर मुलं त्यांच्याच पदरात असतात.

सुरुवात प्रश्नांनी करा. लेकरू रात्री कुठे झोपणार? शेजारी कोण? दळण आणायला, दुकानात कोण पाठवणार? आजी आजारी पडली तर कोणाकडे जाणार? प्रत्येक मुलामागे विश्वासाची दोन-तीन माणसं ठरवा, आणि ती मुलाला स्वतःला विचारून ठरवा. मूल एखाद्या नावाला गप्प झालं, तर तिथे चारचौघांत खोदून विचारू नका. नंतर एकटं भेटा.

‘आमच्या भावकीत असलं काही होत नाही’ असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा २००७ चा केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल सांगा. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळ करणारे जवळपास निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. मुलग्यांचं वाक्य दोनदा सांगा. ‘पोराला काय होतंय’ हे आमच्याकडे फार खोल बसलंय.

सगळ्यात जास्त वेळ सरावाला द्या. एका बाईला नात करा, एका आजीला आजीच राहू द्या. नात म्हणते, “आज्जे, मी गिरणीवर नाही जाणार.” आजीच्या तोंडून पटकन येतं, “काम सांगितलं की नाटकं!” तिथेच थांबवा. परत करायला लावा: “बरं, नको जाऊ. काय झालं गं?” आणि मग गप्प बसायचं. ही गप्प बसायची सवय लागायला चार-पाच वेळा तरी करून बघावं लागतं. मुलाने काही सांगितलंच, तर एवढंच म्हणायचं: “सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.” ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा आणि दवाखाना गाठा. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत करावे लागतात. पोलिसांत जायच्या आधीही.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही लागू. कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच आहे. लपवलं तर शिक्षा आहे, पण चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. लोकांना ठाण्याची भीती असते, म्हणून हे नीट समजावा: जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, गणवेशात नसतात. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. घटना सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर घडली असली तरी आपल्या जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही.

अत्याचार करणारा मुकादमच असेल तर उचल, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेले पैसे, आडवी येते. पैसे अंगावर असलेला बाप एकटा ठाण्यात जाणार नाही. ग्राम बाल संरक्षण समितीतली दोन माणसं बैठकीतच नेमा, जी अशा वेळी सोबत जातील. गावकीत बसून मिटवायला किंवा लग्न लावून द्यायला कोणी निघालं, तर स्पष्ट सांगा की या गुन्ह्यात तडजोड चालत नाही. मुलाचं नाव, फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

मुलांचा तास वेगळा घ्या, छोटा ठेवा. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं न लाजता सांगा. पोटात गोळा आणणारं गुपित ठेवायचं नसतं, हे सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर ‘दहा-नऊ-आठ’ असा म्हणायला लावा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो. शाळेच्या, वसतिगृहाच्या, गिरणीच्या भिंतीवर रंगाने लिहून घ्या.

आणि आईबापांना एक सांगून पाठवा. फडावरून फोन कराल तेव्हा स्पीकरवर बोलू नका. लेकराला फोन घेऊन बाजूला जायला सांगा आणि “जेवलास का” विचारून झाल्यावर “रात्री कोणाजवळ झोपतोस” हेही विचारा.