इंग्रजी तमभाव पोर्तुगीजमध्ये नेताना या चुका टाळा

‘टॉलेस्ट’ या तमभावाच्या, म्हणजे ‘सर्वांत’ असा अर्थ देणाऱ्या रूपाला पोर्तुगीजमध्ये एकच प्रतिशब्द शोधायला निघणे, ही पहिली आणि पुढच्या बहुतेक चुकांना जन्म देणारी चूक आहे. पोर्तुगीजमध्ये तुलनेतला तमभाव सहसा विशेषणाच्या शेवटाला चिकटत नाही. तो ‘माइस’, म्हणजे ‘अधिक’, हा शब्द आणि निश्चित उपपद (इंग्रजी ‘द’सारखे ‘ओ’ किंवा ‘आ’) यांच्या जोडीतून तयार होतो. (लिस्बन आणि ब्राझील येथील उच्चार वेगळे असल्याने शब्द येथे लेखनाच्या जवळ ठेवले आहेत.) ‘आना ए माइस आल्ता’ म्हणजे आना अधिक उंच आहे, तर ‘आना ए आ माइस आल्ता’ म्हणजे ती सर्वांत उंच आहे, सारा फरक त्या एका ‘आ’चा आहे आणि घाईत नेमका तोच गळतो.

नाम आले की उपपद नामाआधी, तेही एकदाच: ‘आ मोंतान्या माइस आल्ता’ (सर्वांत उंच पर्वत). ‘माइस’आधी ते पुन्हा घालण्याची चूक फ्रेंच शिकलेल्यांकडून अधिक होते, कारण तिथे अशा रचनेत ते दोनदा येते. यापुढे ‘जगातील’ म्हणताना आपली मराठी आणि इंग्रजी दोघीही दगा देतात. दोन्हींत ‘मध्ये’चा भाव असल्याने ‘नो मुंदो’ (जगात) लिहिले जाते. पोर्तुगीजला मात्र येथे षष्ठीचा भाव हवा असतो, म्हणून ‘दो मुंदो’ (जगाचा) लिहावे.

‘बेस्ट’, ‘वर्स्ट’ आणि ‘बिगेस्ट’ यांना अनुक्रमे ‘मेल्योर’, ‘पिओर’ आणि ‘मायोर’ ही तयार रूपे आहेत आणि ती सहसा नामाआधी येतात: ‘साओ पावलो ए आ मायोर सिदादे दो ब्राझिल’. त्यांच्याआधी ‘माइस’ लावणे हे मराठीत ‘सर्वांत श्रेष्ठतम’ म्हणण्यासारखेच आहे. ‘माइस पेकेनो’ (अधिक लहान) मात्र सरसकट चूक ठरवू नये. पोर्तुगालमध्ये ते रूढ आहे, ब्राझीलमध्ये त्याच अर्थाच्या ‘मेनोर’ला पसंती मिळते. सर्वांत चकवणारी जागा ‘बेस्ट प्रिपेअर्ड’ ही आहे, कारण कृदंतापूर्वी (‘प्रिपेअर्ड’सारख्या क्रियापदापासून बनलेल्या विशेषणापूर्वी) प्रमाण लेखनात ‘मेल्योर’ऐवजी ‘माइस बेंय’ हे रूप सुचवले जाते: ‘ओ आलुनो माइस बेंय प्रेपारादो’ (सर्वांत चांगली तयारी असलेला विद्यार्थी).

‘-ईसिमो’ प्रत्यय पाहून आपल्याला संस्कृत ‘-तम’ आठवतो आणि इथे फसगत होते. ‘आल्तीसिमो’ म्हणजे अत्यंत उंच. त्यात कोणाशीही तुलना नाही. ‘ओतिमो’ही आज ‘फार छान’ एवढेच सांगतो, ‘सर्वोत्तम’ नव्हे. उलट, इंग्रजीत ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग बुक’ असे अनिश्चित उपपदासह आले, तर तेथे तुलना नसतेच. त्यासाठी ‘उम लिव्रो इंतेरेसांतीसिमो’ किंवा साधे ‘मुइतो इंतेरेसांते’ योग्य. आणि ‘मोस्ट पीपल’मधला ‘मोस्ट’ तर विशेषणाचा तमभावच नाही. त्याचे भाषांतर ‘आ मायोरिया दास पेसोआस’ असे होते.