बडोद्याहून जर्मनीत शिकायला येणाऱ्यांसाठी

दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतल्या आपल्या मराठी घरांतून जर्मनीत येणारी मुले मी सतरा वर्षांपूर्वी केलेल्या चुका जशाच्या तशा करताना दिसतात, म्हणून हे लिहीत आहे. व्हिसा, ब्लॉक्ड खाते (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचे बँक खाते) आणि आरोग्यविमा यांविषयी एजंट भरपूर सांगतात, त्यामुळे ते सोडून देतो.

आपल्याकडे पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करून वाढायचे, अशी रीत आहे. इथे ‘नको’चा अर्थ नको एवढाच होतो. पहिल्या वर्षी एका सहाध्यायाच्या घरी मी संकोचाने जेवण नाकारले आणि उपाशी परतलो. यजमानांच्या मते त्यांनी माझ्या शब्दाचा मान राखला होता. वर्गातही तेच घडते. प्राध्यापकांसमोर गप्प बसणे हा आपल्याकडे आदर असतो, तर इथल्या सेमिनारमध्ये गप्प बसणाऱ्याला काही म्हणायचेच नाही असे धरले जाते. ‘सर’ म्हणू नका. आडनावाआधी ‘हेर’ (श्रीयुत) किंवा ‘फ्राऊ’ (श्रीमती) लावा आणि पटत नसेल तर तसे सांगा, त्याचा कोणाला राग येत नाही. दहाच्या व्याख्यानापुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर ते सव्वादहाला सुरू होते. पण हे पाव तास फक्त विद्यापीठातले, इतरत्र दहा म्हणजे दहाच.

माझी सर्वांत महागडी चूक भाड्याच्या खोलीची. शहर बदलायचे ठरल्यावर मी घरमालकिणीला जिन्यातच सांगितले, तिने हसून मान डोलावली आणि मी निर्धास्त झालो, कारण आपल्या वाड्यात एवढे पुरले असते. खोली सोडताना तिने पुढच्या तीन महिन्यांचे भाडे मागितले. ती लबाड नव्हती. कायद्याने भाडेकरूची नोटीस साधारणपणे तीन महिन्यांची असते आणि ती सहीनिशी कागदावरच द्यावी लागते, ई-मेलही चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोहोचले तरच तो महिना धरतात. वसतिगृहांचे आणि ठरावीक मुदतीचे करार वेगळे असतात, म्हणून सही करण्यापूर्वी नोटिशीचे कलम एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. मी ते वाचलेच नव्हते आणि त्या हिवाळ्यात दोन खोल्यांचे भाडे भरले.

आपल्याच लोकांविषयी थोडे कडू बोलतो. चार भारतीय एका घरात राहतात, जर्मन शिकायचे टाळतात आणि मग जर्मन माणसे थंड आहेत अशी तक्रार करतात. बडोद्याचा मराठी मुलगा घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलत वाढलेला असतो. तिसरी भाषा अवघड आहे ही सबब त्याने तरी सांगू नये.

रविवारी दुकाने बंद असतात, भाजी शनिवारी आणा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. आपल्या नवरात्रीची सवय झालेल्यांना हे जड जाते. परीक्षेची नोंदणी स्वतः करायची असते, कोणी आठवण करून देत नाही.

पत्त्याची नोंदणी झाली की नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र येते, दरमहा 18.36 युरोचे. घरी टीव्ही नसला तरी ते लागू होते, म्हणून जाहिरात समजून फेकू नका. शुल्क माणशी नसून घरटी असते. सोबत राहणारा कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवा आणि रक्कम आपसांत वाटून घ्या.