पायथनमध्ये एकच आकडा चार फाइलींना कसा पुरवावा

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि लाकडी खेळणी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. सावंतवाडीतल्या मामांच्या होलसेल दुकानासाठी मी पायथनच्या चार छोट्या स्क्रिप्ट लिहून दिल्या होत्या: बिल, कोटेशन, महिन्याचा रिपोर्ट आणि खोक्यावर चिकटवायची लेबलं. प्रत्येक फाइलीत १२ हा आकडा मी जागच्या जागी लिहिलेला. आदल्या रात्री मोठ्या आत्मविश्वासाने एडिटर उघडला, शोधा-बदला म्हटलं, १२ च्या जागी ५, सगळीकडे.

सकाळी मामांचा फोन. भोवऱ्यांचा डझन पाचाचा झाला होता, आणि रिपोर्टचं वर्ष मेमध्ये संपत होतं.

चूक शोधा-बदलाची नव्हती. माझ्या फाइलींत तीन वेगवेगळे १२ एकाच चेहऱ्याने बसले होते: कराचा दर, डझनातले नग आणि वर्षातले महिने. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि राहायला एकच जागा दिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. ती जागा कशी करायची ते आता बघू. अधूनमधून दोन-तीन पायथन फाइली एकमेकींना जोडून काम भागवणाऱ्यांसाठी हे आहे, फार मोठी पूर्वतयारी लागत नाही.

एक खुलासा आधीच करतो. वाचायला सोपं जावं म्हणून खालचा कोड देवनागरीत दिलाय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत खरोखर चालतात, पण इम्पोर्ट, इफ, रिटर्न असे पायथनचे स्वतःचे शब्द आणि सगळे आकडे इंग्रजीतच टाइप करावे लागतात. फाइलीची नावंही इंग्रजीत ठेवलेली बरी. मराठी नावं वापरायचीच असतील तर ‘भोवऱ्या’तल्या त्या अर्ध्या र कडे लक्ष ठेवा. काही कीबोर्ड तो काढताना मध्ये एक न दिसणारं जोड-अक्षर घुसवतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण पायथन ती ओळ चालवायलाच नकार देतो.

आधी एक वेगळी फाइल

मनात पहिला विचार येतो तो असा: दर बिलाच्या फाइलीत आहेच, मग रिपोर्टमध्ये बिलच इम्पोर्ट करू. मीही तेच केलं. रिपोर्ट चालवला आणि प्रिंटरमधून कालची बिलं बाहेर यायला लागली. इम्पोर्ट म्हणजे ‘त्या फाइलीतला एवढा आकडा दे’ नव्हे. पायथन ती पूर्ण फाइल वरपासून खालपर्यंत चालवतो आणि मग तुम्हाला आकडा देतो. बिलं छापणाऱ्या ओळी त्या फाइलीत मोकळ्या पडल्या असतील तर त्याही चालणारच.

म्हणून स्थिर आकड्यांसाठी स्वतंत्र फाइल करा:

```
# स्थिरांक.पीवाय

डझन = १२
वर्षाचे_महिने = १२

महाराष्ट्र_कोड = "२७"
गोवा_कोड = "३०"
जीएसटीआयएन_लांबी = १५
```

बस. या फाइलीत काही छापायचं नाही, कुठली फाइल उघडायची नाही, आणि मुख्य म्हणजे तुमच्या बाकीच्या फाइलींपैकी एकही इथे इम्पोर्ट करायची नाही. स्थिरांकने बिलाला बोलावलं आणि बिलाने स्थिरांकला, तर दोघंही एकमेकांची वाट बघत अर्धवट राहतात. मग पायथन तक्रार करतो की मॉड्यूल (म्हणजे इम्पोर्ट होणारी फाइल) अर्धवट तयार झालंय, त्यातून हे नाव आणता येत नाही. हा एरर पहिल्यांदा बघणाऱ्याची निम्मी दुपार खातो. पायथनबरोबर येणारी डेटटाइम (तारखांसाठी), डेसिमल (अचूक दशांशांसाठी) वगैरे मॉड्यूल मात्र इथे खुशाल घ्या.

राज्यांचे कोड अवतरण चिन्हांत का? कारण ते आकडे दिसले तरी बेरजेसाठी नाहीत. जम्मू-काश्मीरचा कोड ०१ आहे. तो संख्या म्हणून ठेवला तर पुढचं शून्य ठेवताच येत नाही आणि जीएसटीआयएनच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या जीएसटी नोंदणी क्रमांकाच्या, पहिल्या दोन अक्षरांशी तो कधीच जुळत नाही.

फाइलीचं नाव निवडताना पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचं नाव टाळा. आकडेच आहेत म्हणून ‘नंबर्स’ नाव देण्याचा मोह होतो. पण त्या नावाचं मॉड्यूल पायथनकडे आधीच आहे आणि डेसिमलला ते लागतं. त्याच्या हाती तुमची फाइल पडली की तो अडतो, आणि एरर वाचून तुम्हाला वाटतं पायथनच बिघडलाय. इंग्रजीत नावं देणार असाल तर स्थिर किमती पूर्ण कॅपिटल अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर, ही पायथनवाल्यांची रीत आहे. देवनागरीत कॅपिटलची सोयच नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाला द्यायच्या कोडमध्ये मी इंग्रजी नावंच वापरतो.

मग ती इम्पोर्ट करा, पण पूर्ण नावानिशी

बिलाच्या फाइलीत:

```
इम्पोर्ट स्थिरांक

एकूण_नग = डझन_संख्या * स्थिरांक.डझन
```

चारही फाइलींनी असं इम्पोर्ट केलं तरी एका वेळच्या चालण्यात पायथन स्थिरांक फाइल एकदाच वाचतो. पहिल्या इम्पोर्टला तयार झालेलं मॉड्यूल तो स्वतःच्या यादीत जपून ठेवतो आणि पुढे मागेल त्याला तेच देतो.

दुसरा मार्ग तुम्ही पाहिला असेल:

```
फ्रॉम स्थिरांक इम्पोर्ट डझन
```

टाइप कमी करावं लागतं, चालतंही. पण इथे बिलाच्या फाइलीत ‘डझन’ नावाची एक नवी चिठ्ठी तयार होते आणि ती त्या क्षणीच्या किमतीवर चिकटते. नंतर कुणी स्थिरांकमधली किंमत बदलली तर बिलातली चिठ्ठी जुन्या किमतीवरच राहते. स्थिर आकडा बदलणार कशाला, असं तुम्ही म्हणाल. चाचणी करताना बदलतो. ‘दर ५ धरून बघू’ म्हणून मी चाचणीत मॉड्यूलमधला दर बदलला आणि बिल मात्र १२ नेच निघत राहिलं. अर्धा तास मी गणिताच्या ओळी तपासत होतो, गडबड होती इम्पोर्टच्या ओळीत. तेव्हापासून मी मॉड्यूलच्या नावानेच बोलावतो. वाचणाऱ्यालाही ‘स्थिरांक.डझन’ बघून लगेच कळतं की हा आकडा कुठून आलाय.

तारांकन लावून सगळं एकदम इम्पोर्ट करण्याच्या वाटेला जाऊच नका.

दर हा स्थिरांक नाहीच

वरच्या फाइलीत कराचा दर नाही हे लक्षात आलं असेल. माझी खरी चूक इथे होती. डझन बाराचाच राहणार, वर्षाला महिने बाराच असणार. कराचा दर एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतच खरा असतो. ‘खेळणी_दर = ५’ एवढंच लिहिलं तर ऑगस्टमधल्या विक्रीचा माल परत आल्यावर क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी निघेल, आणि ते चूक आहे. म्हणून आकड्याऐवजी तारखांसकट पूर्ण तक्ता ठेवा:

```
फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट

खेळणी_दर = (
    (डेट(२०१७, ७, १), १२),
    (डेट(२०२५, ९, २२), ५),
)

डेफ खेळण्यांचा_दर(तारीख):
    फॉर पासून, दर इन रिव्हर्स्ड(खेळणी_दर):
        इफ तारीख >= पासून:
            रिटर्न दर
    रेज व्हॅल्यूएरर("जीएसटीच्या आधीची तारीख")
```

तक्ता उलटा, म्हणजे ताज्या दराकडून मागे वाचायचा, आणि तारीख जिथे बसेल तिथला दर घ्यायचा. १ जुलै २०१७ च्या, म्हणजे जीएसटी सुरू होण्याच्या आधीची तारीख आली तर गपचूप काहीतरी परत करण्यापेक्षा ओरडलेलं बरं. पुढे दर पुन्हा बदलला की तक्त्यात खाली एक ओळ वाढवायची, जुन्या ओळींना हात लावायचा नाही. महिना लिहिताना ९ लिहा, ०९ नको. पुढे शून्य लावलेली संख्या पायथन ३ स्वीकारत नाही. दर बदलाच्या दिवसांतल्या व्यवहाराला बिलाची तारीख धरायची, माल पाठवल्याची की पैसे आल्याची, हे सीएला विचारून घ्या. तो पायथनचा प्रश्न नाही.

या फंक्शनने आणखी एक जुनी खोड उघडी पाडली. माल महाराष्ट्रातच राहिला तर कर निम्मा सीजीएसटी (केंद्राचा) आणि निम्मा एसजीएसटी (राज्याचा), गोव्यात गेला तर पूर्ण आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा). निम्मा करायला मी पूर्णांक भागाकार वापरला होता, दोन तिरक्या रेघांचा. १२ चे ६ आणि ६ बिनबोभाट निघत होते. ५ चे मात्र २ आणि २ निघाले, अडीच नव्हेत. हजाराच्या खेळण्यांचं महाराष्ट्रातलं बिल १०४० आणि गोव्यातलं १०५०. तेव्हा वाटणीचं गणितही एकाच जागी ठेवा आणि पैशांसाठी डेसिमल वापरा. डेसिमलला किंमत अवतरणात द्यायची, नाहीतर दशांशाची बारीक चूक आधीच आत शिरलेली असते.

कुलूप लावता येतं का?

फारसं नाही. पायथनमध्ये खरा स्थिरांक असा प्रकारच नाही. मॅथ मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘मॅथ.पाय = ३’ लिहा, पायथन हूं की चूं करत नाही, आणि ते चालणं संपेपर्यंत मॅथ.पाय मागणाऱ्या सगळ्यांना ३ मिळतो. सगळा कारभार विश्वासावर चालतो.

तरी दोन गोष्टी कराच. यादी ठेवायची असेल तर चौकोनी कंसातली लिस्ट नको, गोल कंसातलं टपल घ्या. लिस्ट ठेवलीत आणि लेबलाच्या स्क्रिप्टने सोयीसाठी तिच्यात एक नाव घातलं, तर ते बिलालाही दिसतं, कारण दोघांच्या हातात एकच लिस्ट आहे. डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संच) असेल तर टाइप्स मॉड्यूलमधला मॅपिंगप्रॉक्सीटाइप तिच्यावर काच बसवतो: बघता येतं, बदलता येत नाही. मूळ डिक्शनरी मात्र वेगळ्या नावाने उघडी ठेवू नका, त्या नावाने ती बदलता येते आणि काचेतून तो बदल दिसतो.

दुसरं म्हणजे टाइपिंग मॉड्यूलमधलं फायनल. ते पायथन ३.८ पासून आहे:

```
फ्रॉम टाइपिंग इम्पोर्ट फायनल

डझन: फायनल = १२
```

चालताना याचा काही परिणाम होत नाही. पण मायपायसारखं तपासणीचं साधन लावलं की कुणी ‘डझन’ला नवी किंमत द्यायला गेला तर तिथल्या तिथे पकडलं जातं. एकट्याच्या चार स्क्रिप्टना याची गरज नाही. तीन-चार जणं त्याच कोडवर काम करत असतील तर लावा.

फोल्डर वाढले की

सगळ्या फाइली एका फोल्डरात असेपर्यंत सुख आहे, कारण जी स्क्रिप्ट चालवता तिच्या फोल्डरात पायथन आधी शोधतो. रिपोर्ट वेगळ्या फोल्डरात हलवला की तोच इम्पोर्ट ‘असं मॉड्यूल सापडत नाही’ म्हणतो. अशा वेळी शोधायच्या वाटांच्या यादीत हाताने फोल्डर कोंबण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर फसतो. त्यापेक्षा सगळं ‘दुकान’ नावाच्या एका फोल्डरात घ्या, इम्पोर्ट ‘फ्रॉम दुकान इम्पोर्ट स्थिरांक’ असा लिहा, त्याच्या बाहेरच्या फोल्डरात उभं राहा आणि पायथनला एम हा पर्याय देऊन मॉड्यूलच्या नावाने चालवा:

```
पायथन -एम दुकान.रिपोर्ट.महिना
```

प्रिंटरचं नाव, फोल्डरचा पत्ता, पासवर्ड या गोष्टी स्थिरांकमध्ये टाकू नका. त्या कॉम्प्युटरगणिक बदलतात. पहिल्या दोन टॉमल फाइलीत (सेटिंग लिहायची साधी मजकूर-फाइल) ठेवा, ती वाचायची सोय पायथन ३.११ पासून आतच आहे. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये.

जुन्या फाइली कशा बदलाव्या

एका दमात नको. आधी एक आकडा निवडा आणि सगळ्या फाइलींत शोधा, पण ‘सगळे बदला’ हे बटण विसरा. प्रत्येक जागी थांबून विचारा की हा कोणता बारा. डझनातला असेल तर स्थिरांक.डझन, महिन्याचा असेल तर स्थिरांक.वर्षाचे_महिने, कराचा असेल तर फंक्शन. माझ्याकडे लेबलाच्या फाइलीत एक चौथा बारा निघाला. तो अक्षरांचा आकार होता. तो तिथेच राहू दिला, कारण दुसऱ्या कुठल्या फाइलीला तो लागत नाही.

बदल झाल्यावर जुनी छापील बिलं काढा. मी २१ सप्टेंबरचं एक आणि २२ चं एक घेतलं, त्याच मालाची, हजार रुपयांची. नव्या कोडमधून पहिलं ११२० आलं, दुसरं १०५०. मामांनी दोन्ही कागद हातात घेऊन कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिले, आणि मग विचारलं, भोवरे किती लिहिलेस?