वालाचं वाण निवडताना या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडे भात निघालं की खाचरात वाल पेरतात. पाणी बहुतेक ठिकाणी नसतंच. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक निघतं. म्हणून एका शेतात शेंगांनी लगडलेलं वाण पलीकडच्या पाड्यावर निम्मंही येत नाही. मग बियाणं खोटं निघालं असं म्हणतात. माझ्या मते बहुतेक वेळा खोट आपल्या निवडीत असते.

एका शेतावरून, एका वर्षावरून ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती मीही केली आहे. विहिरीलगतच्या खाचरात तीन वाणं लावून बघितली. तिथली माती गाळाची, वर बांधातून पाझर. जे वाण पहिलं आलं तेच पुढच्या वर्षी वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या जमिनीच्या पट्टीवर टाकलं. फूल भरपूर आलं, पण शेंग धरायच्या वेळी माती मुठीत घेतली तर गोळाच होईना. नुसती भुरभुरत होती. फूल गळलं. त्या वाणाला ओल हवी होती आणि माझ्या चाचणीत ओल कधी कमी पडलीच नव्हती.

नुसती सरासरी बघणं

समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिलं वाण तीन शेतांत गुंठ्याला १०, ५ आणि ३ किलो देतं, दुसरं ७, ६ आणि ५. दोघांची सरासरी ६ किलोच. पण ज्याच्याकडे फक्त हलकी जमीन आहे त्याच्या घरात ३ किलो येणार की ५, हा प्रश्न सरासरीत बुडून जातो.

उलट बाजूची गैरसमजूतही आहे: स्थिर वाण म्हणजे सगळीकडे सारखं येणारं. सगळीकडे सारखंच कमी येणारं वाण घेऊन करायचं काय? एबरहार्ट आणि रसेल या पीक-शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलेली कसोटी शेतकऱ्याच्याही कामाची आहे. त्या त्या शेतातल्या सगळ्या वाणांची सरासरी काढायची. तीच त्या शेताची प्रत. प्रत एका किलोने वाढली की आपलं वाण किती वाढतं ते बघायचं. साधारण एका किलोनेच वाढत असेल, त्या चढ-उताराच्या रेषेला धरून चालत असेल आणि मुळात उत्पादनही चांगलं असेल, तर ते भरवशाचं. जास्त वाढणारं वाण चांगल्या जमिनीला द्यावं. कमी वाढणारं, पण हलक्या जमिनीतही तग धरणारं, वरकसला.

वेगवेगळ्या दिवशी पेरून तुलना करणं

आपल्याकडे पेरणीचा दिवस भात ठरवतं. हळवं भात लवकर निघतं, गरवं उशिरा, आणि तेवढ्या दिवसांत वरची ओल उडते. हळव्यामागे एक वाण आणि गरव्यामागे दुसरं पेरलं, तर तुलना वाणांची राहत नाही, ओलीची होते. वाल दिवसाच्या लांबीलाही प्रतिसाद देतो, त्यामुळे पेरणी सरकली की फुलाचं गणितही सरकतं. एका शेतातली सगळी वाणं एकाच दिवशी पेरा.

गाठी न बघता वाण बाद करणं

पीक पिवळं, खुरटं दिसलं तर फुलाच्या सुमारास एक झाड मातीसकट हलकेच उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू नत्र देत आहेत. पांढरट किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर वाणाला दोष देऊ नका. हरभऱ्याचं जिवाणू खत वालाला चालत नाही. दोघांचे रायझोबियम, म्हणजे गाठीतले जिवाणू, वेगळे. वालाचंच जिवाणू खत बियाण्याला चोळा आणि बियाणं सावलीतच सुकवा.

बांधावरच्या तुरीचं बी तसंच ठेवणं

वालाबरोबर तुरीचंही घरचं बी ठेवत असाल तर हेही बघा. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. शेजारच्या बांधावर दुसरं वाण असेल तर दोन-तीन वर्षांत आपलं वाण आपलं राहत नाही, आणि मग त्याच्या स्थिरतेला अर्थ उरत नाही. वाल बराचसा स्वपरागित, तिथे ही धास्ती कमी.

यंदा करायचं ते

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण वाल-२, आणखी एखादं वाण आणि आपला गावठी कडवा वाल एवढं पुरे. गावठी वगळू नका. बिरड्याला लोक तोच मागतात आणि तुलनेला घरचं माप लागतंच. विहिरीजवळचं, मधलं आणि वरकस अशा तीन शेतांत प्रत्येक वाणाला एक-एक गुंठा द्या. एकट्याला जमत नसेल तर तीन घरांनी मिळून करा. दाणे कडक वाळवून मगच वजन घ्या आणि शेताचं नाव, पेरणीचा दिवस, वजन वहीत लिहा. हेच पुढच्या वर्षीही करा, बियाण्याची मोठी खरेदी त्यानंतर.