वाइल्डरनेस फर्स्ट एडचं रिन्यूअल: पडद्यावर काय, मैदानावर काय

वाइल्डरनेस फर्स्ट एडचं, म्हणजे दवाखान्यापासून दूर डोंगर-जंगलात करायच्या प्रथमोपचाराचं, प्रमाणपत्र हातात पडलं की बहुतेक जण त्याचा फोटो काढतात, पण मुदतीची तारीख नीट वाचत नाहीत. संस्थेप्रमाणे ही मुदत २ किंवा ३ वर्षांची असते. सीपीआरचं (छातीवर दाब आणि श्वास देण्याचं) कार्ड बऱ्याचदा वेगळं मिळतं आणि ते सहसा २ वर्षं चालतं, म्हणून दोन्ही एकाच दिवशी संपतील असं धरून चालू नका. मुदत उलटल्यावर काही संस्था थोडी सवलत देतात, काही सरळ मूळ कोर्स पुन्हा करायला लावतात. प्राथमिक कोर्स साधारण १६ तासांचा, म्हणजे दोन दिवसांचा. तो पुन्हा केला तरी काही बिघडत नाही, उलट अनेक ठिकाणी त्याचं रिन्यूअल म्हणजे तोच कोर्स परत करणं. फर्स्ट रिस्पॉन्डरचा, म्हणजे याच्या पुढच्या पातळीचा, कोर्स मात्र ७० ते ८० तासांचा असतो. नुसती तारीख हुकली म्हणून तो पहिल्यापासून करायचा, हे जिवावर येतं.

फर्स्ट रिस्पॉन्डरचं रिन्यूअल हल्ली बऱ्याच ठिकाणी दोन टप्प्यांत होतं. वाचन, व्हिडिओ आणि चाचण्या घरबसल्या आपल्या सवडीनं करायच्या आणि मग दोन-तीन दिवस प्रत्यक्ष सराव. ऑनलाइन भाग पूर्ण झाल्याचा पुरावा नसेल तर पुढच्या भागाला बसू देत नाहीत, तेव्हा शेवटच्या रात्रीवर टाकू नका. तसंच तो दोन महिने आधी उरकूनही ठेवू नका, सरावाला जाईपर्यंत सगळं पुसट होतं. आठवडाभर आधी संपवणं मला बरं वाटतं.

ऑनलाइन भागातल्या चाचण्या जुन्या माणसाला सोप्या जातात आणि तिथंच फसगत होते. उत्तरं येत असली की माणूस भराभर पुढे जातो. मी एक वही घेऊन बसतो आणि मागच्या वेळेपेक्षा जे वेगळं सांगितलंय तेवढंच टिपतो. कारण या क्षेत्रात शिकवणं बदलतं. पूर्वी उंचावरून पडलेल्या प्रत्येकाला मान-पाठ बांधून फळीवर ठेवायचे. आता फळी मुख्यतः उचलण्यापुरती वापरतात. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, नशेत नसेल, मणक्यावर दाबल्यावर दुखत नसेल, हातापायांच्या हालचाली आणि संवेदना ठीक असतील आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी जखम नसेल, तर मणक्याची खबरदारी काढता येते का, हे ठरवायची पद्धतच शिकवतात. टर्निकेटचंही, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायच्या पट्ट्याचंही, तसंच. एके काळी तो अगदी नाइलाजाचा उपाय होता, आता हातापायातून जीवघेणा रक्तस्राव होत असेल तर लवकर बांधा म्हणतात. सर्पदंशावर चिरा देणं, विष चोखणं आणि आवळून बांधणं केव्हाच बाद झालंय, तरी दर वेळी कुणीतरी ते विचारतंच.

खरा कस लागतो तो मैदानावर. सहभागींपैकीच कुणीतरी खोटं रक्त लावून झाडाखाली विव्हळत पडलेलं असतं आणि तुम्हाला सांगितलेलं असतं फक्त एवढंच, की वाटेत एक माणूस सापडलाय. पाठ केलेलं सगळं तिथं अडखळतं. आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं, हातमोजे चढवायचे, मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, नाडी असं क्रमानं जायचं आणि मग डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. नव्या माणसाचा हात लगेच दिसणाऱ्या जखमेकडे जातो. प्रशिक्षक मुद्दाम मनगटावर भडक जखम रंगवतात आणि खरी गडबड पोटात ठेवतात.

रुग्ण व्हायची पाळी आली तर टाळू नका. थंड जमिनीवर झोपून वर चार जणांची चर्चा ऐकली की कळतं, सगळे स्प्लिंटमध्ये, म्हणजे मोडलेल्या हाडाला आधार बांधण्यात, गुंतलेत आणि आपल्या पाठीखाली मॅट सरकवायचं कुणालाच सुचलेलं नाही. जमीन किती झपाट्यानं ऊब ओढून घेते, हे कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही. आपल्याला काय करताहेत हे कुणी सांगत नसेल तर किती घाबरायला होतं, तेही तिथंच उमगतं.

सीपीआर मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, होतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण दुसऱ्या मिनिटाला खांदे बोलू लागतात आणि खोली कमी होते, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. हे कौशल्य काही महिन्यांतच घसरायला लागतं, तेव्हा मधल्या काळात मॅनिकिन मिळालं तर सोडू नका.

लेखी नोंद आणि वायरलेसवरचा निरोप याला नवे लोक कंटाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त सराव याचाच करावा. रुग्णाचं वय, काय झालं, काय सापडलं, नाडी आणि श्वास किती वाजता किती होते, तुम्ही काय केलं आणि तुम्हाला काय मदत हवी, एवढं न अडखळता सांगता आलं पाहिजे. एकदा मोजलेली नाडी फारसं काही सांगत नाही, थोड्या थोड्या वेळानं मोजलेल्या आकड्यांची चढउतार सांगते. ताबडतोब खाली न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हा निर्णय त्यावरच ठरतो. मदत तासाभराहून दूर असते, म्हणून तर हे प्रशिक्षण वेगळं आहे.

कोर्स निवडताना चार गोष्टी विचारा. दुसऱ्या संस्थेचं जुनं प्रमाणपत्र चालतं का, प्रत्यक्ष सरावाचे तास किती, एका प्रशिक्षकामागे किती जण आणि तुम्ही जिथं काम करणार तिथं हे कार्ड मानतात का. निव्वळ ऑनलाइन रिन्यूअलच्या जाहिराती दिसतात. वाचनासाठी ठीक, पण माणूस उचलायचा सराव एकट्यानं होत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. निखळलेला खांदा बसवणं किंवा तीव्र अ‍ॅलर्जीवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन देणं कोर्समध्ये शिकवलं, तरी तुमच्याकडचा कायदा आणि तुमची संस्था त्याला परवानगी देते का, हे वेगळं विचारावं लागतं.

जाताना मळले तरी चालतील असे कपडे, पावसाचं जाकीट, हेडलॅम्प आणि सेकंद दाखवणारं मनगटी घड्याळ घ्या. हातमोजे घातलेल्या हातांनी फोनवर नाडी मोजणं वैताग आणतं. स्वतःची प्रथमोपचाराची पिशवीही न्या आणि निघण्याआधी घरी पूर्ण उपसा. औषधांच्या तारखा उलटलेल्या असतात, चिकटपट्ट्यांचा गोंद सुकलेला असतो आणि हातमोजे ओढले की फाटतात.