ऑर्थोच्या केसमध्ये हृदय जपायला डेक्स देताय? या चुका टाळा

डेक्समेडेटोमिडीन (डेक्स) या गुंगीच्या औषधाचा लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, हाताने ढकलू नका, हे मी नवीन रेसिडेंटना सांगून सांगून दमलोय. 1 मायक्रोग्रॅम प्रति किलो द्यायचाच असेल तर पंपावर, निदान 10 मिनिटांत. पटकन गेला की रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, पल्स खाली येते आणि मग थोड्या वेळाने बीपीही बसतं.

एक आजोबा होते, खुबा मोडलेला, स्पायनल (पाठीतून देऊन कंबरेखाली बधीर करणारी भूल) छान लागलेलं. सर्जन घाई करत होते म्हणून रेसिडेंटने अर्धी सिरिंज ढकलून दिली. मॉनिटरवर पल्स 38 आणि बीपी 170, तो म्हणतो सर बीपी हाय आहे, सेडेशन वाढवू का! मी आधी पंप बंद केला. पल्स वाढवणारं ॲट्रोपिन भरून तयार ठेवलं पण लगेच दिलं नाही, चढलेल्या बीपीवर ते दिलं की बीपी अजून उसळतं. मग काही मिनिटांत बीपी 80 वर आलं, बीपी वाढवणारं एफेड्रिन द्यावं लागलं, आणि ते सावरेपर्यंत सर्जनना हाडात सिमेंट भरू दिलं नाही, कारण सिमेंट आत जाताना बीपी आणखी कोसळू शकतं. आजोबा वाचले. तेव्हापासून वयस्कांना मी लोडिंग देऊच देत नाही, सरळ 0.2 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति तास या रेटने चालू करायचं आणि वाट बघायची. ज्याला एवढा धीर नाही त्याने डेक्सला हात लावू नये.

दुसरं म्हणजे डेक्स चालू आहे म्हणून हृदय सुरक्षित, हा समज. पल्स कमी झाली की डायस्टोल (दोन ठोक्यांमधली हृदयाची विश्रांती) लांबतो, कोरोनरीला (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना) रक्त मिळायला वेळ मिळतो हे खरं, पण मीन प्रेशर (सरासरी बीपी) 65 च्या खाली रेंगाळलं तर त्याचा उपयोग काय? क्लोनिडीन याच जातीचं औषध, 2014 च्या पॉइज-2 ट्रायलमध्ये त्याने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, उलट बीपी पडण्याचं प्रमाण वाढलं.

चालू असलेला बीटा ब्लॉकर (पल्स आणि बीपी कमी करणारं औषध) बंद करू नका, आणि ऑपरेशनच्या दिवशी नव्याने चालूही करू नका.

टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळलेला पट्टा) सोडायच्या आधी सर्जनने सांगायलाच हवं.

पेशंट हलतोय म्हणून प्रोपोफॉल (झोपेचं औषध) वाढवू नका, आधी सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघा, ब्लॉक (बधीर करणारी भूल) उतरलाय का बघा.

आणि रिस्कवाल्यांचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस पाठवत राहा, पेनकिलर चालू असताना बऱ्याच जणांना छातीत दुखतच नाही.